मोजायची सोय सोलापुरात कधी होणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरा दिवसांत मला तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून एकच मेसेज आला. खोलीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे वीज अजिबात वाया न घालवता नेणारा पदार्थ, सापडलाय, आता विजेची गळती बंद, रेल्वे हवेत तरंगत जाणार, बिल निम्म्यावर येणार. त्यातला एक आमच्या गल्लीतल्या यंत्रमाग कारखानदारानं पाठवला होता आणि खाली विचारलं होतं, "मॅडम, हे खरं हाय का ओ, मागाचं बिल कमी होईल का?" प्रश्न अगदी मनापासून होता, वीजबिलानं माणूस टेकीला आलाय. मी त्यांना फोनवर अर्धा तास समजावून सांगितलं आणि सांगता सांगता वाटलं की हे एकट्याला सांगून काय होणार, हे पेपरात यायला पाहिजे. पत्र लांबलंय, जागा बघून कापा, पण शेवटचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, बावीस वर्षं झाली. पीएचडी फेराइटवर, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साईडपासून बनणाऱ्या चुंबकी पदार्थांवर. वडील अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागावर कामाला होते. चादरीचं कापड हातात आलं की ते आधी भिंग लावून इंचात किती धागे बसलेत ते मोजायचे आणि मगच माल चांगला की वाईट ते बोलायचे, मालक समोर उभा असला तरी. मी फिजिक्स पुढं शिकले पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही हे घरात शिकले, आणि या पत्रात मला जे म्हणायचंय ते सगळं या मोजण्याबद्दलच आहे.

आधी थोडक्यात विषय काय ते सांगते. तांब्याच्या तारेतनं करंट गेला की तार तापते, थोडी वीज उष्णतेत वाया जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. १९११ साली हॉलंडमधल्या लायडन गावात कामरलिंग ओनेस यांच्या लॅबमध्ये पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे जवळपास उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला तेव्हा त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवायची ताकद, एकदम गायब झाला. (केल्व्हिन म्हणजे उणे २७३ अंशाला शून्य धरून मोजलेलं तापमान.) कमी झाला असं नाही, मोजताच येईना. यालाच सुपरकंडक्टिव्हिटी म्हणतात, पुस्तकात अतिवाहकता. पुढं १९३३ मध्ये माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी दाखवलं की असा पदार्थ चुंबकी क्षेत्र स्वतःच्या आतनं बाहेर ढकलतो, आणि म्हणून चुंबक त्याच्यावर तरंगतो. या दोन खुणा, रेझिस्टन्स शून्य आणि चुंबकी क्षेत्र बाहेर. दोन्ही दिसल्या तर सुपरकंडक्टर म्हणायचं, एकच दिसली तर अजून म्हणायचं नाही, थांबायचं.

सोलापूरकरांना तारांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची, म्हणजे सात लाख पासष्ट हजार व्होल्टची, लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, अख्ख्या देशाची वीज एका तालात आली ती आपल्या जिल्ह्यातनं गेलेल्या तारेनं. मुलांना मी दर वर्षी हे सांगते आणि विचारते की व्होल्टेज एवढं का वाढवतात? कारण व्होल्टेज वाढवलं की तेवढीच वीज न्यायला करंट कमी लागतो आणि करंट कमी म्हणजे तारेतली गळती कमी. जर्मनीत एसेन शहरात २०१४ मध्ये एक किलोमीटरची सुपरकंडक्टर केबल टाकली, ती फक्त १० केव्हीवर चालायची आणि तरी ४० मेगावॅट न्यायची ताकद होती, द्रव नायट्रोजननं थंड ठेवलेली होती. म्हणजे हे स्वप्न नाही, झालेलं आहे, फक्त थंड ठेवायचा खर्च आहे, आणि तो खर्च नको म्हणून जगभर माणसं असा पदार्थ शोधतायत की ज्याला थंड करायलाच नको.

आता त्या मेसेजकडं येते. २०२३ च्या जुलैमध्ये कोरियातल्या एका गटानं जाहीर केलं की शिसं, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडं तांबं यांच्यापासून बनवलेला एलके-९९ नावाचा पदार्थ आपल्या खोलीतच काय, उकळत्या पाण्यातसुद्धा सुपरकंडक्टर राहतो. अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. आपल्याकडच्या पेपरांत पण मोठ्या अक्षरात आलं. मला त्या आठवड्यात झोप नव्हती, खोटं कशाला सांगू, मला पण वाटत होतं की खरं असावं. मग दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीमध्ये अवाना सरांच्या गटानं तो पदार्थ लगेच बनवून बघितला, जगात सगळ्यात आधी बनवून बघणाऱ्यांपैकी ते एक. त्यांना सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. नंतर कळलं की त्या कोरियन नमुन्यात कॉपर सल्फाईडची भेसळ होती, आणि कॉपर सल्फाईड साधारण १०४ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतं आणि तिथंच त्याचा रेझिस्टन्स एकदम खाली येतो. बघणाऱ्याला वाटलं की सुपरकंडक्टर झाला. जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटनं भेसळ नसलेले स्वच्छ क्रिस्टल बनवले तर ते चक्क इन्सुलेटर निघाले, वीज जाईचना. आणि तरंगण्याचं म्हणाल तर एक टोक टेकलेलं आणि एक टोक उचललेलं असं तर साध्या चुंबकी कणामुळं पण होतं.

साहेब, पहिली बातमी पहिल्या पानावर आली आणि दुसरी आली ती मी शोधून शोधून आतल्या पानावर चार ओळीत वाचली. हे सगळ्याच पेपरांनी केलं, तुमच्या एकट्याला बोलत नाही. पण दुसऱ्या बातमीत जास्त विज्ञान होतं. भेसळ कशी ओळखली, मोजताना कुठं फसायला होतं, हे वाचून एखाद्या पोराला फिजिक्स करावंसं वाटेल. आज तीच जुनी बातमी तारीख काढून परत फिरतीये आणि लोकांना खरं काय ते कळायला मार्ग नाही, कारण खरं जे होतं ते छापलंच नव्हतं नीट.

आता आमच्याकडं काय चालतं ते सांगते. सोलापूर, कोल्हापूर, संभाजीनगर या पट्ट्यात फेराइटवर पीएचडी करणारी भरपूर मुलं झाली, अजून होतायत. कारण साधं आहे, कच्चा माल स्वस्त आणि करायला मोठी मशीन लागत नाही. लोखंडाचं नायट्रेट, निकेलचं नायट्रेट, झिंकचं नायट्रेट पाण्यात विरघळवायचं, सायट्रिक ॲसिड घालायचं, अमोनियाचे थेंब टाकत पीएच सातवर आणायचा, मग हॉट प्लेटवर हळूहळू आटवायचं. आटत आटत ते काकवीसारखं घट्ट होतं, तार धरतं, रंग पण काकवीचाच. मग अचानक एका कोपऱ्यात ठिणगी पडते आणि ती आपोआप पसरत जाते, बीकरमधलं सगळं जळत जळत फुगून वर येतं, आणि मागं उरते हलकी तपकिरी-काळी राख. कागदाखाली चुंबक फिरवला की ती राख उभी राहते, काट्यासारखी. पहिल्यांदा बघणारं पोरगं ओरडतंच. ती राख खलात घोटायची, भट्टीत भाजायची, झालं फेराइट. मोबाईलच्या चार्जरमध्ये, टीव्हीमध्ये, स्पीकरच्या मागच्या चुंबकात, सगळीकडं त्याचीच भावंडं आहेत.

यातली एक गोष्ट मला अजून जादू वाटते. झिंक स्वतः चुंबकी नाही, तरी निकेल फेराइटमध्ये झिंक घातलं तर चुंबकत्व आधी वाढतं. असं कसं? कारण फेराइटच्या आत दोन प्रकारच्या जागा असतात आणि दोन्हीकडचे अणुचुंबक एकमेकांच्या उलट तोंड करून ओढत असतात, रस्सीखेचीसारखं, एका बाजूला माणसं जास्त म्हणून ती बाजू जिंकते. झिंक जाऊन हरणाऱ्या बाजूला बसतो आणि ओढतच नाही, त्यामुळं जिंकणारी बाजू आणखी जोरात जिंकते. पण झिंक फार झाला तर समोर ओढायला कोणी राहत नाही आणि जिंकणाऱ्या बाजूचीच तोंडं वाकडीतिकडी होतात, मग चुंबकत्व पडतं. दोन बाजूंची ही गोष्ट लुई नेल यांनी १९४८ मध्ये मांडली आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या एमएस्सीच्या पोरी ही गोष्ट स्वतःच्या हातानं बनवलेल्या पावडरीत बघू शकतात, सोलापुरात, एका साध्या हॉट प्लेटवर.

बघू शकतात, पण मोजू शकत नाहीत. इथंच घोडं अडतं.

चुंबकत्व मोजायला व्हीएसएम नावाचं मशीन लागतं आणि थंड करून मोजायचं तर त्याला क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना खूप थंड ठेवणारं यंत्र, लागतो. आम्ही नमुने छोट्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये भरतो, नाव टाकतो, कुरिअरनं इंदूरला नाहीतर मुंबईला पाठवतो. तिथली माणसं चांगली आहेत, मदत करतात, पण अख्ख्या देशाची रांग तिथंच लागलेली असते. दोन-तीन महिन्यांनी रिझल्ट येतो, बहुतेक वेळा फक्त खोलीच्या तापमानाचा. मग पेपर, म्हणजे शोधनिबंध, पाठवला की तपासणारा विचारतो की थंड करून काय होतं, कमी तापमानाचा डेटा कुठं आहे? पोरीकडं उत्तर नसतं. परत नमुना पाठवायचा तर परत रांग आणि फेलोशिपची मुदत संपत आलेली. शेवटी तीच पोरगी झिंकचं प्रमाण ०.१, ०.२, ०.३ असं करत नमुन्यांची संख्या वाढवते आणि खोलीच्या तापमानाचा पेपर कुठंतरी छापून घेते. आमच्या भागातनं असे पेपर ढिगानं निघालेत आणि त्यात माझे पण आहेत. मुलं हुशार आहेत, हात चांगला आहे, पण प्रश्न विचारायची ताकद मोजायच्या सोयीवर असते, सोय तेवढाच प्रश्न.

त्यात परत लाईट. तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की मुलांकडनं सोलापुरातच सुपरकंडक्टर बनवून घ्यायचा. हे काही नवं संशोधन नाही, १९८७ चीच गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी झुरिकमध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साईडमध्ये ३० केल्व्हिनच्या वर सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली होती, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत यिट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साईड ९३ केल्व्हिनला सुपरकंडक्टर होताना दिसलं. ९३ चं एवढं कौतुक का, तर द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो. महागडं हेलियम नको, नायट्रोजनमध्ये बुडवलं की काम झालं, आणि नायट्रोजन तर हवेतच आहे.

यिट्रियम ऑक्साईड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साईड, धातूंचं प्रमाण एक-दोन-तीन. बेरियम कार्बोनेट विषारी, म्हणून मास्क आणि हातमोजे घालूनच घोटायचं, हे कुणी घरी करायला जाऊ नका. दोन तास खल घोटून मुलांचे खांदे भरून आले. ९०० अंशाच्या वर भाजलं, परत घोटलं, परत भाजलं, मग डायमध्ये दाबून रुपयाच्या नाण्याएवढ्या टिकल्या केल्या, पेलेट म्हणतो आम्ही. शेवटचा टप्पा सगळ्यात नाजूक. ऑक्सिजन सोडत सोडत भट्टी अगदी सावकाश थंड करायची, कारण पाचशे अंशाच्या आसपास तो पदार्थ ऑक्सिजन आत ओढून घेतो. ऑक्सिजन पुरता आत गेला तर सुपरकंडक्टर. कमी गेला तर तोच पदार्थ वीज न नेणारा आणि आतनं चुंबकी होतो, शेजारशेजारचे तांब्याचे अणू उलटसुलट तोंडाचे चुंबक होऊन बसतात. रेसिपी तीच, भट्टी तीच, सहा ऑक्सिजन की सात एवढ्यावर सगळं. चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटी एकमेकांच्या एवढ्या जवळ राहतात आणि तरी एकमेकांना टिकू देत नाहीत, हे का, याचं पूर्ण उत्तर अजून जगात कुणाकडं नाही.

आणि बरोबर त्या टप्प्यावर लाईट गेली. एप्रिल महिना, बाहेर ४२-४३ अंश, डीपीवर लोड आला असणार. दीड तासानं आली. भट्टी तोवर मनानंच कितीतरी खाली उतरली होती. दुसऱ्या वेळी व्होल्टेज एवढं खाली-वर झालं की कंट्रोलर बंद पडला. तिसऱ्यांदा मुलांनी रात्रीची वेळ धरली, दोघं जण लॅबमध्येच झोपले, आणि पहाटे पेलेट बाहेर काढल्या. काळ्याभोर. हिरवट छटा आली असती तर समजायचं चुकलं. हिरवट नव्हत्या.

आता नायट्रोजन कुठनं आणायचा? इथं मला आपल्या जिल्ह्याचा अभिमान वाटतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्यामुळं गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नायट्रोजनचे कॅन असतात. लायडनचा तो ४ केल्व्हिन नाही, पण ७७ केल्व्हिनचं तापमान आज मोहोळ-मंगळवेढ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलला बांधून फिरतंय. ओळखीच्या एका भाऊंकडं गेले, त्यांनी विचारलं, "म्हशी किती हायत मॅडम?" मी म्हटलं म्हशी नाहीत, पोरं आहेत. त्यांच्याकडं त्या महिन्याचा थोडा शिल्लक होता, कामाला लागणार नव्हता, तो घेऊन ते स्वतःच आले, कॅन दुसऱ्याच्या हातात दिला नाही त्यांनी.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, जिल्ह्यातल्या एका गावची शाळा. थर्माकोलच्या वाटीत पेलेट ठेवली, भाऊंनी नायट्रोजन ओतला, पांढरा धूर टेबलावरनं खाली पोरांच्या पायावर आला. आधी खळखळ उकळतं, मग उकळणं शांत होतं, म्हणजे पेलेट थंड झाली. मग प्लॅस्टिकच्या चिमट्यानं उडदाच्या दाण्याएवढा निओडिमियमचा चुंबक वर सोडला. तो खाली टेकला नाही. दोनेक मिलिमीटर वर थांबला. मी काडीनं हळूच ढकललं तर गरगर फिरायला लागला, हवेतच, आणि फिरतच राहिला. एका पोरानं मध्ये कागदाची पट्टी घालून बघितली, आरपार गेली. पस्तीस-चाळीस पोरं, एक शब्द नाही. मग नायट्रोजन उडून गेला, पेलेट गरम झाली आणि चुंबक टक् करून खाली पडला. भाऊ माझ्यापेक्षा जास्त वेळ वाकून बघत होते. म्हणाले, "वीस वर्षं हा कॅन घेऊन फिरतोय, ह्यात हे पण हाय मला माहीत नव्हतं."

आमच्याकडं तेवढ्यावर थांबलं. चुंबक तरंगला म्हणजे दुसरी खूण दिसली. पहिली खूण, रेझिस्टन्स नेमका किती केल्व्हिनला शून्य होतो, एकदम होतो की रेंगाळत, हे मोजायला चार तारांची पद्धत लागते, बाहेरच्या दोन तारांतनं करंट सोडायचा आणि आतल्या दोन तारांवर व्होल्टेज बघायचं, म्हणजे जोडाचा रेझिस्टन्स मध्ये येत नाही. ती पद्धत आमच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे, मुलांना येते. तापमान एकसारखं हळूहळू खाली नेणारं यंत्र नाही. पेलेट अजून माझ्या टेबलाच्या खणात डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न लागू देणाऱ्या डब्यात, आहे, तिचा खरा आकडा आम्हाला माहीत नाही.

कमी तापमानाची सोय असली की काय होतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, नव्वदच्या दशकात यिट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या एका नमुन्यात १२ केल्व्हिनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटीची अगदी बारीकशी चाहूल लागली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता भेसळ असेल, सोडा. त्यांनी सोडलं नाही, त्यांना संशय आला की आत थोडा कार्बन शिरलाय, मग मुद्दाम कार्बन घालून बनवलं आणि १९९४ मध्ये पदार्थांचं एक नवं घराणंच जगापुढं आलं, बोरोकार्बाईड. त्यातला होल्मियमवाला भाऊ तर बघण्यासारखा, ८ केल्व्हिनच्या आसपास सुपरकंडक्टर होतो, ५ च्या आसपास आतलं चुंबकत्व जागं होऊन सुपरकंडक्टिव्हिटीला जवळजवळ संपवतं, आणि आणखी थंड केलं की ती परत येते. त्याच टीआयएफआरनं पुढं बिस्मथ ०.५३ मिलिकेल्व्हिनला सुपरकंडक्टर होतो हे दाखवलं, म्हणजे एका केल्व्हिनच्या हजाराव्या भागाच्या निम्म्यावर. एलके-९९ मध्ये भेसळ पकडली आणि इथं भेसळीतनं नवं घराणं सापडलं, दोन्हीकडं काम केलं ते नीट मोजण्यानंच.

कुणी म्हणेल की सोलापूरला पाणी रोज येत नाही तिथं हे कशाला. मला ते पाणी पण माहीत आहे, आमच्या घरी पण ड्रम भरलेलेच असतात. पण ही गोष्ट फक्त लॅबची नाही. गेल्या वर्षी आईच्या मणक्याचा एमआरआय काढायचा होता, गेलो तर मशीन बंद, हेलियम कमी झालं म्हणून, आणि हेलियमची गाडी बाहेरनं येणार. आई नऊ दिवस कळा सोसत पडून होती. एमआरआयच्या आतला मोठा चुंबक म्हणजे निओबियम-टायटॅनियमच्या तारेची सुपरकंडक्टर गुंडाळी, ९ केल्व्हिनच्या खाली ठेवावीच लागते, हेलियम संपलं की ती नुसती तार. आणि हेलियम आपण सगळं परदेशातनं आणतो. वाईट याचं वाटतं की ज्या ग्रहणात हेलियमचा पहिला माग लागला ते १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्याच बाजूनं गेलं होतं. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन दुर्बीण लावून बसले होते, इकडं आपल्या शेजारी जमखिंडीला इंग्रज अधिकारी हर्शेल ग्रहण बघत होते. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ आधी सोडियमची वाटली होती, मग नीट मोजल्यावर कळलं की तिची जागा थोडी सरकलेली आहे, म्हणजे दुसराच काहीतरी पदार्थ आहे. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये सापडला. आणि आज त्याच पट्ट्यात आपण त्याच्या गाडीची वाट बघत बसतो.

आता जे मागायचंय ते. मी मोठी लॅब मागत नाहीये. आजकाल क्लोज्ड सायकल क्रायोस्टॅट मिळतात, त्यांना द्रव हेलियम बाहेरनं ओतावं लागत नाही, आतलंच हेलियम कॉम्प्रेसरनं फिरत राहतं, वीज आणि थंड पाणी दिलं की नमुना १० केल्व्हिनपर्यंत जातो. असा एक सेट, त्याला चार तारांचं रेझिस्टन्स आणि साधं चुंबकी मोजमाप जोडलेलं, सोलापूर शहरात एका जागी ठेवा, विद्यापीठ आणि जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांसाठी सामाईक. आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं विद्यापीठ आहे, बार्शी-पंढरपूर-सांगोल्याची मुलं सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतात, इंदूरला कुरिअर करायची गरज नाही. कुणाचा नंबर कधी ते भिंतीवर लावा, ओळख-वशिला नको. सांभाळायला एक कायमचा टेक्निशियन द्या, कारण मशीन आणून झाकून ठेवलेली आपण भरपूर बघितलीत, माणूस नसला की दोन वर्षांत मशीन मरतं. भट्ट्यांना आणि त्या कॉम्प्रेसरला जनरेटरची वेगळी लाईन द्या. आणि एक छोटा द्रव नायट्रोजनचा प्लांट, जो लॅबला पण चालेल आणि पशुसंवर्धनच्या कॅनला पण, म्हणजे दोन खात्यांनी मिळून खर्च उचलता येईल. लोकप्रतिनिधी, उद्योजक, सहकारी कारखाने, ज्यांच्याकडं सीएसआरचा पैसा आहे त्यांनी एवढं मनावर घेतलं तर सोलापूरला हे काही अशक्य नाही.

आणि आपल्या पेपराला एक विनंती. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, होम मैदानावर लाखो माणसं येतात, पाळणे, खेळणी, भांडी सगळं असतं. तिथं एक टेबल आम्हाला मिळवून द्या. पेलेट आमच्याकडं आहे, मुलं तयार आहेत, नायट्रोजनवाल्या भाऊंनी आपण होऊन येतो म्हणून सांगितलंय. थंडीचे दिवस असतात, नायट्रोजन पण जरा जास्त टिकतो. त्या कारखानदारांना मी फोनवर सांगितलंय की बिल कमी होईल का ते आत्ताच सांगता येणार नाही, पण यात्रेत या, जे खरं आहे ते तुमच्या डोळ्यासमोर दाखवते. ते येतो म्हणालेत, नातवाला घेऊन.

आपली,
एक वाचक
जुळे सोलापूर